माइकला पदवी मिळत नाही

मुलांसाठीच्या कितीतरी चित्रपटांत गोष्ट ठरलेली असते. नायक जीव तोडून मेहनत करतो, जग त्याला हसतं आणि शेवटी तोच पहिला येतो. पिक्सार स्टुडिओच्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’त यातल्या पहिल्या दोन गोष्टी घडतात, तिसरी घडत नाही. माइक वाझोव्स्की लहानपणापासून ज्या अभ्यासक्रमाचं स्वप्न बघत आला, त्यातून तो आधी काढला जातो आणि पुढे विद्यापीठातूनच. दोन्ही निर्णय शेवटपर्यंत कायम राहतात. मी लातूरला बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात ‘नीट’ ही परीक्षा पहिल्यांदा देणारी मुलं असतात, तशी रिपीटरही असतात. या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एकत्र बसून बघावा असा चित्रपट कोणता, असं कोणी विचारलं तर मी 2013 सालच्या या ॲनिमेशनपटाचं नाव घेतो.

ही पूर्वकथा आहे. मूळ चित्रपट ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ 2001 साली आला, दिग्दर्शक पीट डॉक्टर. राक्षसांच्या शहराला वीज मिळते ती माणसांच्या मुलांच्या किंकाळ्यांतून. कारखान्यात दारं असतात, प्रत्येक दार एकेका मुलाच्या खोलीत उघडतं. राक्षस आत जातो, मुलाला घाबरवतो, किंकाळी नळकांड्यात भरून घेतो. निळ्या केसाळ अंगाचा धिप्पाड सली, म्हणजे जेम्स सलिव्हन, हा तिथला अव्वल ‘स्केअरर’. एकाच डोळ्याचा, चेंडूसारखा गोल, हिरवा माइक हा त्याचा मदतनीस आणि जिवलग मित्र. हे दोघे भेटले कसे, हे सांगायला बारा वर्षांनी दिग्दर्शक डॅन स्कॅनलन यांनी दुसरा चित्रपट केला. पिक्सारची ही पहिलीच पूर्वकथा.

पूर्वकथेत एक मोठी अडचण असते: शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. माइक पुढे मदतनीस होणार आहे, स्केअरर नाही, हे आपल्याला माहीत आहे आणि पडद्यावरच्या अठरा वर्षांच्या माइकला माहीत नाही. स्कॅनलन आणि त्यांच्या लेखकांनी ही अडचण टाळली नाही, तिच्यावरच गोष्ट उभी केली. माइक रात्र-रात्र जागून पाठांतर करतो तेव्हा आपल्याला हसू येतं आणि पोटात कालवतंही. त्यासाठी त्यांनी एक तडजोड केली. पहिल्या चित्रपटात माइकच्या तोंडी असं वाक्य आहे की, तू चौथीपासून माझ्यावर जळतोस. म्हणजे दोघांची ओळख शाळेतली. ते बाजूला ठेवून भेट कॉलेजात घडवली. चाहते यावर अजून वाद घालतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. शाळेतल्या भांडणात आयुष्य पणाला लागत नाही, कॉलेजात लागतं.

आता त्या दोघांच्या वैराकडे बघा. माइक पुस्तकातला किडा आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत कारखाना बघायला गेला आणि एका स्केअररच्या मागोमाग गुपचूप दारातून आत शिरला. त्या स्केअररला तो मागे उभा असल्याचा पत्ताही लागला नाही. तेव्हा बक्षीस मिळालेली विद्यापीठाची टोपी घालूनच तो पुढे प्रवेश घ्यायला येतो. सली येतो तो वडिलांचं नाव घेऊन. बिल सलिव्हन हा नामवंत स्केअरर, त्यामुळे पोराला वाटतं, शिकायचं काय त्यात? पहिल्याच तासाला त्याच्याकडे पेन्सिलही नसते. दुसऱ्याकडून घेतो आणि तिने दात कोरतो. डरकाळीचे गुणधर्म कोणते, असा प्रश्न प्राध्यापक विचारतात. माइक व्यवस्थित उत्तर देऊ लागतो, तेवढ्यात मागून सली नुसती डरकाळी फोडतो आणि शाबासकी घेऊन जातो. त्या क्षणी माइकचा चेहरा मी वर्गात अनेकदा पाहिला आहे.

सत्राच्या परीक्षेत मात्र दोघेही नापास होतात, आणि लेखकांनी इथे फार काळजीपूर्वक काम केलं आहे. डीन हार्डस्क्रॅबल, म्हणजे गोमेसारख्या असंख्य पायांची, पंखांची आणि हेलन मिरेनच्या थंडगार आवाजाची बाई, सलीला सांगते की, समोरचं मूल सापाला घाबरणारं होतं. तुझ्या डरकाळीने ते किंचाळणार नाही, रडेल, आणि आईवडील धावत येतील. सलीने अभ्यास केला असता तर हे त्याला कळलं असतं. माइकला ती वेगळंच सांगते: तुझ्या अभ्यासात काही कमी नाही, पण तू भीतिदायक नाहीस आणि ते शिकवता येत नाही. एकाला अभ्यास कमी पडला, दुसऱ्याला देणगी. दोघांनाही किंकाळीची नळकांडी बनवण्याच्या रटाळ अभ्यासक्रमात टाकलं जातं.

मग माइक डीनशी पैज लावतो: ‘स्केअर गेम्स’ जिंकलो तर अख्ख्या संघाला परत प्रवेश, हरलो तर मी विद्यापीठ सोडेन. अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं असलेली विद्यार्थ्यांची मंडळं असतात, त्यांची स्वतःची घरं असतात, आणि कोणाला आत घ्यायचं यावरून मोठं मानापमानाचं राजकारण चालतं. ‘स्केअर गेम्स’मध्ये अशाच मंडळांचे संघ उतरतात. माइकला मिळतं सगळ्यात टाकाऊ मंडळ, ऊझ्मा कप्पा. नोकरी गेल्यावर पुन्हा शिकायला आलेला मध्यमवयीन डॉन, दोन डोकी आणि एकच धड असलेले टेरी-टेरी, कुठल्या जगात वावरतो ते कळत नाही असा आर्ट, आणि लाजाळू स्क्विशी, ज्याच्या आईचं घर हेच मंडळाचं घर. सलीही याच संघात येतो. पहिल्याच शर्यतीत माइक आणि सली एकमेकांना हरवण्याच्या नादात पुढे पळतात, चौघे मागे राहतात, संघ शेवटचा ठरतो. दुसऱ्या एका संघाची लबाडी पकडली जाते, म्हणून हे वाचतात.

मधल्या फेऱ्यांचा भाग मला थोडा ओळखीचा वाटतो. ‘ॲनिमल हाउस’पासून (1978) हॉलिवूडने कॉलेजपटांचा जो साचा पाडला, तो इथे दिसतो. पण त्यातच एक प्रसंग आहे, रात्रीचा. माइक खचलेल्या संघाला कारखान्याच्या छपरावर नेतो आणि खिडकीतून कामावरचे स्केअरर दाखवतो: कोणी लुकडा, कोणी बुटका, कोणी म्हातारा, कोणाचं अंग कोणासारखं नाही. तिथे माइक आणि सलीमधला ताण पहिल्यांदा सैल होतो.

त्या रात्रीचा प्रकाश मुद्दाम बघा. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला यात विशेष रस आहे. दिव्याचा प्रकाश भिंतीवर पडतो, तिथून परावर्तित होऊन टेबलावर, टेबलावरून कोणाच्या तरी गालावर. पिक्सारच्या आधीच्या चित्रपटांत हा परावर्तित उजेड बहुतांशी खोटे दिवे हाताने मांडून दाखवावा लागे. ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’च्या वेळी पिक्सारने प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारी नवी पद्धत आणली. दिवा खऱ्या जागी ठेवायचा, पुढचं गणित संगणक करतो. एका सेकंदाला 24 चित्रं आणि 104 मिनिटांचा चित्रपट, म्हणजे जवळजवळ दीड लाख चित्रं. एकेका चित्राला सरासरी 29 तास लागल्याचं त्या वेळी प्रसिद्ध झालं होतं. अर्थात हजारो प्रोसेसर एकाच वेळी काम करत होते. विद्यापीठाच्या जुन्या विटांवर जे उबदार ऊन दिसतं, ते या गणितातून आलं आहे.

संघ शेवटी गेम्स जिंकतो. सामान्य चित्रपट इथे संपला असता. पण माइकला कळतं की, सलीने यंत्रात फेरफार करून त्याची फेरी सोपी केली होती. म्हणजे आपल्या मित्रालाही आपल्यावर विश्वास नाही. माइक हट्टाने दारातून माणसांच्या जगात जातो, मुलींच्या शिबिरातल्या खोलीत. अंथरुणावरच्या मुली त्याला बघून घाबरत नाहीत. गंमत वाटते त्यांना. रात्री तळ्याकाठी सली त्याला गाठतो. माइक म्हणतो की, मला वाटलं होतं, मनापासून हवं असेल तर जमेलच. सली तिथे पहिल्यांदा कबूल करतो की, मलाही भीती वाटते, सलिव्हन असूनही माझ्या हातून काहीच धड झालेलं नाही. इतका वेळ दोघे एकमेकांचं बळ बघून जळत होते. मैत्री जुळते ती दोघांनी आपापलं अपुरेपण उघड केल्यावर. परतीचं दार बंद झालेलं असतं. मग माइक योजना आखतो, सली डरकाळी फोडतो, शोधायला आलेले मोठे लोक किंचाळतात आणि त्या ऊर्जेवर दार आतून उघडतं.

तरीही दोघे काढले जातातच, कारण नियम मोडला आहे. ऊझ्मा कप्पाच्या बाकीच्यांना प्रवेश मिळतो. माइक आणि सली कारखान्याच्या टपाल विभागात नोकरीला लागतात आणि एकेक पायरी चढत वर जातात.

जगभरात 74 कोटी डॉलरच्या वर कमाई करूनही या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं नाही, आणि पिक्सारच्या उत्तम चित्रपटांच्या याद्यांत तो बहुधा खालीच असतो. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ‘कष्टाला फळ मिळतंच’ असं मुलांना सांगणं सोपं आहे. ‘हेच फळ मिळेल असं नाही, पण कष्टातून तुला जे येतं ते वाया जात नाही’ हे न रडवता, हसवत सांगायला धैर्य लागतं. माइकने जे पाठ केलं, त्याच्याच जोरावर शिबिरातली सुटका होते आणि पुढे सली अव्वल ठरतो.

पालकांना माझी विनंती आहे. निकाल लागल्यावर समजूत घालायला म्हणून हा चित्रपट लावू नका, त्याआधीच्या एखाद्या रविवारी मुलांबरोबर बसून बघा. आधी 2001चा बघा, मग हा. माइकचं पुढे काय होतं हे माहीत असेल तरच त्याच्या धडपडीचा अर्थ लागतो. दोन्ही मिळून सव्वातीन तास लागतात.