एकच बी, निराळी जमीन
नरडाण्याच्या शिवारात पाभरीने पेरणाऱ्याला येशूच्या दाखल्यातला पेरणारा उधळ्याच वाटेल. वाटेवर, खडकावर, काट्यांत, कुठेही बी टाकतो! पण त्या काळी येशूच्या मुलखात बी हातानेच फोकत. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, येशू स्वतःच उलगडा करतो. ऐकूनही न समजणारा म्हणजे वाट. आनंदाने स्वीकारून छळ होताच मागे फिरणारा म्हणजे खडकाळ जमीन. संसाराची चिंता आणि पैशाचा मोह हे काटे. चांगल्या जमिनीतही पीक सारखे नाही: कुठे शंभरपट, कुठे साठ, कुठे तीस.

दाखला मनाबद्दल बोलतो. आपल्याकडे मात्र जात आणि गोतावळा आधी आडवे येतात. रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार कवी नारायण वामन टिळकांनी वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. संसार एकच, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सोवळे आणि नातीगोती सोडवेनात. त्यांचे आधी सोवळे सुटले, बाप्तिस्मा काही वर्षांनी झाला. नवापूरकडच्या मावची आदिवासींत ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. तिथे असा निर्णय बहुधा एकट्याचा नसतो, घरचे आणि भाऊबंद मिळून ठरवतात.