झाडाची साल आणि पाच नावं

तुमच्या पाठ्यपुस्तकात एक पान असं असतं, की जे वर्षभरात कुणीच वाचत नाही. मुखपृष्ठ उलटलं की ते समोर येतं आणि आपण भर्रकन पुढे जातो. त्यावर बारीक अक्षरांत नावं असतात. विषय समितीतल्या शिक्षकांची, चित्रकारांची, मुखपृष्ठ करणाऱ्यांची, अक्षरजुळणी करणाऱ्यांची. आता सांगा बरं, ‘हे पुस्तक कुणी लिहिलं?’ एका नावात उत्तर देता येईल? नाही ना?

विज्ञानातही अगदी असंच असतं. ‘अमक्यानं तमक्याचा शोध लावला’ असं एक वाक्य आपण पाठ करतो आणि एक गुण मिळवतो. पण ते वाक्य ज्या कागदावरून आलं, त्यावर बहुधा एकापेक्षा जास्त नावं असतात. आज आपण असा एक कागद उघडून पाहू. त्यात कर्करोगाचं औषध आहे, एक झाड आहे आणि आपल्या खानदेशातलं एक नावही आहे.

नंदुरबारचा मुलगा

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. रसायनशास्त्राचं शिक्षण त्यांनी मुंबई विद्यापीठात घेतलं. मग ते अमेरिकेला गेले आणि १९६२ साली इंडियाना विद्यापीठात पीएच. डी. झाले. त्यानंतर नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका संशोधन संस्थेत मनरो वॉल या रसायनशास्त्रज्ञाबरोबर ते काम करू लागले. काम काय, तर जगभरातून आलेल्या झाडांच्या साली, पानं, मुळं घ्यायची, त्यांतले पदार्थ वेगळे करायचे आणि कर्करोगाच्या पेशींवर त्यांचा काही परिणाम होतो का ते बघायचं.

हजारांतल्या एखाद्याच झाडातून काही हाती लागतं. या दोघांच्या हाती दोनदा लागलं!

पहिलं झाड चीनमधलं. त्याच्या चिनी नावाचा अर्थ होतो ‘आनंदवृक्ष’. त्यातून मिळालेल्या पदार्थाला कॅम्प्टोथेसिन म्हणतात. त्यावरचा शोधनिबंध १९६६ साली छापून आला. दुसरं झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलातलं, ‘यू’ नावाचं, अतिशय सावकाश वाढणारं. त्याच्या सालीतून मिळालेला पदार्थ म्हणजे टॅक्सॉल. त्याचा निबंध १९७१ साली आला.

या १९७१ च्या निबंधावर पाच नावं आहेत : वाणी, टेलर, वॉल, कॉगन आणि मॅकफेल. पहिलं नाव आपल्या वाणींचं. शेवटची दोन नावं ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची. क्ष-किरणांच्या साहाय्यानं रेणूची रचना शोधून काढण्याचं काम त्यांचं. पाच वर्षांपूर्वीच्या निबंधावर मात्र पहिलं नाव वॉल यांचं होतं आणि दुसरं वाणींचं.

आणि गंमत पाहा, १९६२ च्या ऑगस्ट महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात जाऊन ज्यांनी ती साल प्रथम गोळा केली, त्या आर्थर बार्क्ले या वनस्पतिशास्त्रज्ञांचं नाव या पाचांत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

किल्लीला कानस

झाडातून पदार्थ मिळाला म्हणजे औषध तयार झालं, असं मात्र नाही हं. झाडं हे पदार्थ आपल्यासाठी थोडीच बनवतात! वनस्पतींमधले असे पुष्कळ पदार्थ किडींना आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवण्याच्या कामी येतात. म्हणजे ती एक प्रकारची विषंच. त्यांतून औषध करायचं, तर रेणूत फेरफार करावा लागतो. कुलपात नीट न बसणारी किल्ली कानशीनं घासून बसवतात ना, तसं.

कॅम्प्टोथेसिनचंच घ्या. पेशीचं विभाजन होताना आतला डीएनएचा दुहेरी धागा उलगडावा लागतो. मांज्याला पीळ पडला की तुम्ही काय करता? एके ठिकाणी तोडता, पीळ सोडवता आणि पुन्हा गाठ मारता. पेशीतलं एक विकर हेच करतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं धागा तोडलेला असताना मध्ये अडकून बसतं. गाठ मारली जात नाही आणि पेशी मरते. हे कोडं १९८५ साली उलगडलं.

पण त्याआधीच एक घोटाळा झाला होता. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. मग शिरेतून द्यायचा कसा? रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून त्याचा क्षार बनवला. तो छान विरघळला. पण त्याची ताकद गेली आणि रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊ लागली. १९७२ साली त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे कळलं, की कानस चुकीच्या दात्यावर चालवली होती! मग ते कडं तसंच ठेवून, रेणूच्या दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळणारं छोटंसं शेपूट जोडलं. त्यातून टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधं तयार झाली. दोन्हींना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६. तब्बल ३० वर्षं!

टॅक्सॉलची अडचण निराळीच. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांची परांची उभी राहते आणि काम झालं की उतरवली जाते. टॅक्सॉल ती परांची उतरूच देत नाही. हे १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवून दिलं. औषध उत्तम, पण साल सोलली की झाड मरतं. एका रुग्णासाठी अनेक झाडं तोडायची? हा मोठाच पेच होता. फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांनी वाट काढली. युरोपातल्या यू झाडाच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा अर्धवट सांगाडा असतो. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं. त्या सांगाड्याला उरलेला भाग प्रयोगशाळेत जोडायचा. जोडता जोडता थोडा बदल केला आणि डोसिटॅक्सेल नावाचं नवं औषधही मिळालं.

हा पेच आपल्या दाराशीही येऊन ठेपला आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचं एक उग्र वासाचं झाड वाढतं. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हापासून त्याच्यावर इतकी कुऱ्हाड चालली, की पुष्कळ ठिकाणी ते दिसेनासं झालं.

आजार होण्याआधीच गोळी?

इथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. झाडांतून कर्करोगावरची औषधं मिळतात, तर कर्करोग होऊच नये अशी गोळी का नाही बनवत?

शास्त्रज्ञांच्या मनातही हेच आलं होतं. गाजर आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, असं दिसत होतं. गाजराचा केशरी रंग बीटा-कॅरोटिनमुळे येतो. मग त्याच्या गोळ्या दिल्या तर? फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं, काहींना दिलं नाही. पाच ते आठ वर्षं नोंदी ठेवल्या. १९९४ साली निकाल आला आणि सगळेच थक्क झाले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला! अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली.

म्हणजे गाजर वाईट का? मुळीच नाही. गाजर खुशाल खा. पण गाजरातला एकच पदार्थ काढून तो भरमसाट घेणं म्हणजे गाजर खाणं नव्हे. शिवाय आजारी माणसाला औषधाचा थोडा त्रास झाला तरी तो सोसतो, कारण समोर मरण उभं असतं. प्रतिबंधाची गोळी निरोगी माणसानं वर्षानुवर्षं घ्यायची असते. तिथे हजारांत दोघांना अपाय झाला तरी तो फार झाला.

हळदीचंही असंच आहे. तिच्यातलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर चमत्कार करताना दिसतं. पण पोटातून ते रक्तात फारसं पोचत नाही आणि लवकर मोडतं. म्हणून त्याच्या रेणूला नवीन रूपं देण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम यश कुठेच दिसलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, कुर्क्युमिनवरचे डझनाहून जास्त शोधनिबंध, त्यांतल्या चित्रांच्या खरेपणाबद्दल शंका आल्यामुळे, नियतकालिकांना मागे घ्यावे लागले आहेत.

निबंध मागे घेतला जातो तेव्हा जाब कुणाला विचारायचा? ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांना! म्हणजे निबंधावरचं नाव ही नुसती शाबासकी नसते, ती जबाबदारीही असते.

नावांचा अभ्यास

या नावांचाच अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आहेत, हे तुम्हांला ठाऊक होतं का? डेरेक प्राइस यांनी निबंधांवरची नावं मोजली. एकट्यानं लिहिलेले निबंध भराभर कमी होताना त्यांना दिसले. हे असंच चाललं तर १९८० पर्यंत एकट्या लेखकाचा निबंध उरणारच नाही, असं त्यांनी १९६३ साली लिहिलं. तसं काही झालं नाही; पण नावं मात्र वाढत गेली. २०१५ साली भौतिकशास्त्राचा एक निबंध आला. हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा. त्यावर किती नावं असावीत? ५,१५४! एकूण ३३ पानं आणि त्यांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची यादी!

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९६८ साली आणखी एक गोष्ट मांडली. काम दोघांनी केलेलं असलं तरी श्रेय आधीच प्रसिद्ध असलेल्याकडे वाहत जातं. वर्गातल्या गटप्रकल्पात असं कधी झालंय का? तक्ता तुम्ही रंगवला आणि टाळ्या मात्र मॉनिटरला मिळाल्या?

आणि एकदा तर कमालच झाली. जॅक हेदरिंग्टन या अमेरिकन प्राध्यापकांनी एकट्यानं निबंध लिहिला. पण सगळीकडे ‘आम्ही’ असं टंकलं. सहकारी म्हणाले, ‘लेखक एकच असेल तर हे चालणार नाही.’ सगळी पानं पुन्हा टंकायचा कंटाळा! मग त्यांनी आपल्या मांजराला सहलेखक केलं. चेस्टर या सयामी मांजराचं नाव ‘एफ. डी. सी. विलर्ड’ असं झालं आणि १९७५ साली निबंध छापूनही आला. प्रतींवर सही म्हणून पंजाचा ठसा!

हसू येतं खरं. पण औषधाच्या निबंधावर असं मांजर चालेल का? तिथे काम न करता नाव लावणं आणि काम करूनही नाव वगळणं, दोन्ही घातकच. म्हणून वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी नियम केले. लेखक म्हणवायचं तर कामात खरा वाटा हवा, लेखनात सहभाग हवा आणि छापण्याआधी मजकूर पाहून संमती द्यायला हवी. २०१३ साली चौथी अट आली : कामाबद्दल शंका निघाली, तर उत्तर द्यायची तयारी हवी. आता तर पुष्कळ नियतकालिकं कुणी काय केलं हे १४ प्रकारच्या कामांत वाटून छापतात. कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचे, आकडेमोड कुणाची, लेखन कुणाचं, सगळं स्वच्छ!

अशा यादीत आज बार्क्ले यांना जागा मिळाली असती का? तुम्हीच ठरवा आणि घरी यावर जरूर वाद घाला.

तुम्ही काय करू शकता?

‘कर्करोग टळतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ अशी जाहिरात किंवा मोबाइलवरचा संदेश घरात येतोच. आजी विचारते, ‘हे आणायचं का रे?’ तेव्हा तीन प्रश्न विचारा. कुठले शास्त्रज्ञ? नावं सांगा. प्रयोग कशावर झाला, बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? आणि माणसांवर झाला असेल, तर किती जणांवर आणि किती वर्षं? नाव नसलेल्या दाव्याला जाब देणारा कुणीच नसतो.

आणि कर्करोग टाळण्याचे पक्के ठरलेले उपाय कुठल्याही महागड्या डबीत मिळत नाहीत. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांना हात न लावणं हा त्यांतला पहिला. हे वाचून झाल्यावर बाबांच्या किंवा काकांच्या खिशातल्या पुडीकडे एकदा बघा आणि त्यांनाही हा लेख वाचायला द्या.

मनसुख वाणी २०२० साली वारले. त्यांनी आणि वॉल यांनी सालीतून बाहेर काढलेल्या रेणूंची औषधं आजही जगभरच्या रुग्णालयांत सलाईनच्या बाटलीतून थेंब थेंब उतरत असतात. बाटलीवर त्यांचं नाव नसतं. पण १९७१ च्या त्या निबंधावर ते आहे, पहिलंच.

उद्या शाळेत गेलात, की पाठ्यपुस्तकाचं ते न वाचलेलं पान उघडा. एकेक नाव वाचा आणि कुणी काय केलं असेल ते शोधा.