सरपणातील पाणी : भिवंडी परिसरातील जळाऊ लाकडाची खरेदी, साठवण आणि ज्वलन

प्रस्तावना :

थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळले जाते. भिवंडीसारख्या खाडीलगतच्या, उष्ण व दमट हवामानाच्या तालुक्यात खोली तापवण्याची गरज सहसा भासत नाही. तरीही भात-भाकरी, आंघोळीचे पाणी, बाळंतिणीची शेकशेगडी आणि पौष-माघातील शेकोटी ही घरातील कामे येथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या विस्तवावरच होत आली. स्वयंपाकाचा गॅस घरात आल्यानंतरही चूल पूर्णपणे विझत नाही. चहा व भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबात, अशी विभागणी ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. त्यामुळे सरपणाचा विचार हा केवळ भूतकाळाचा विचार ठरत नाही.

सरपणाविषयी बोलताना सामान्यतः लाकडाची जात, त्याचा भाव आणि त्याची टंचाई यांची चर्चा होते. लाकडात किती पाणी आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वास्तविक सरपणाचा खर्च, चुलीचा धूर आणि चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीचे आरोग्य या तिन्ही गोष्टी त्या पाण्याशी बांधलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात हाच संबंध खरेदी, साठवण व ज्वलन या तीन टप्प्यांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. पार्श्वभूमी :

कामवारी नदीकाठचे भिवंडी हे आज यंत्रमाग आणि गोदामांचे शहर म्हणून ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. मात्र यंत्रमागांच्या आधी भिवंडी हे खाडीवरील व्यापारी बंदर होते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये येथील व्यापाराच्या प्रमुख वस्तूंत तांदूळ, सुकी मासळी, कापड आणि गवत यांच्याबरोबर लाकडाचाही उल्लेख आढळतो. पूर्वेकडील शहापूर आणि उत्तरेकडील वाडा या तालुक्यांचा वनप्रदेश हा या व्यापाराचा स्वाभाविक आधार होता. (वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला आहे.)

या वनांवरील हक्काचा प्रश्नही जुना आहे. भातरोपांच्या वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण जाळून राब करण्याची पद्धत ठाणे जिल्ह्यात रूढ होती. वनखात्याच्या निर्बंधांमुळे राब आणि सरपण या दोन्ही गरजांना बाधा येऊ लागली. त्यातून उद्भवलेल्या तक्रारींच्या चौकशीसाठी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला. सरपण ही बाजारातील वस्तू असण्यापूर्वी गावकऱ्यांच्या हक्काची बाब होती, हे यावरून दिसून येते.

देशपातळीवर पाहता, २०११ च्या जनगणनेत ४९ टक्के कुटुंबांनी स्वयंपाकाचे मुख्य इंधन म्हणून जळाऊ लाकडाची नोंद केली होती. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर गॅसजोडण्यांची संख्या वेगाने वाढली. तथापि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांचे देशातील प्रमाण ५८.६ टक्केच होते. शिवाय हे आकडे स्वयंपाकापुरते आहेत. पाणी तापवण्यासाठी जळणारे लाकूड त्यात दिसत नाही.

२. ओल्या लाकडाचा हिशेब :

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारणपणे ४० ते ६० टक्के पाणी असते. व्यवस्थित सुकवलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरते. पूर्णतः कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ होण्यासाठी मात्र सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते आणि ती हवेत निघून जाते.

समजा, एका कुटुंबाने १० किलो लाकूड विकत घेतले. त्यात ४५ टक्के पाणी असेल तर प्रत्यक्ष लाकूड साडेपाच किलोच असते. पाण्याची वाफ होण्यातील खर्च वजा जाता सुमारे २२,००० किलोकॅलरी उरतात. तेच लाकूड १५ टक्के आर्द्रतेचे असेल तर सुमारे ३७,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे काट्यावर वजन तेच आणि दिलेले पैसेही तेच. पण ओल्या लाकडातून उष्णता जेमतेम साठ टक्के हाती लागते.

पाच माणसांच्या घरात आंघोळीसाठी प्रत्येकी १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायचे झाल्यास १,५०० किलोकॅलरी लागतात. पारंपरिक चुलीत लाकडातील उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. १२ टक्के हे प्रमाण धरल्यास या कामासाठी सुके लाकूड सुमारे ३.३ किलो, तर ओले लाकूड सुमारे ५.७ किलो लागेल. प्रत्यक्षात हा फरक आणखी वाढतो, कारण ओल्या लाकडाचा जाळ नीट धरत नाही आणि त्याचा बराचसा भाग धुराच्या रूपाने वाया जातो.

हाच हिशेब गॅसशी तुलना करण्यासही उपयोगी पडतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास भांड्याला मिळणारी उष्णता पारंपरिक चुलीत जळालेल्या सुमारे २०० किलो सुक्या किंवा ३५० किलो ओल्या लाकडाएवढी असते. आपल्या भागातील लाकडाच्या किलोच्या भावाला या आकड्यांनी गुणून कोणत्याही कुटुंबाला सिलिंडरशी तुलना करता येईल. विकत घेतलेले ओले लाकूड अनेकदा गॅसपेक्षा स्वस्त पडत नाही, हे अशा वेळी लक्षात येते. फुकट वेचलेल्या सरपणाला हा हिशेब लागू होत नाही. तेथे किंमत पैशांत न मोजता स्त्रियांच्या श्रमांत आणि वेळेत मोजावी लागते.

३. खरेदी :

सरपण दोन प्रकारे विकले जाते : वखारीत काट्यावर वजनाने आणि दारोदार मोळीने किंवा भाऱ्याने. या दोन पद्धतींत पारख वेगळी लागते.

वजनाने घेताना लाकडाच्या जातीला फारसे महत्त्व नसते. धावडा, बाभूळ, सावर किंवा पांगारा यांपैकी कोणत्याही लाकडाचा सुका किलो जवळपास सारखीच उष्णता देतो. तेथे पाहायचा तो ओलावाच. मोळी किंवा गाडीच्या मापाने घेताना मात्र जात महत्त्वाची ठरते. धावडा व बाभूळ यांचे लाकूड घट्ट असल्याने तेवढ्याच मोळीत वजन अधिक भरते आणि निखारा जास्त वेळ टिकतो. सावर, पांगारा व शेवगा यांचे लाकूड हलके असते; ते चटकन पेटते आणि लवकर विझते. म्हणून हलके लाकूड पेटवणाला व भारी लाकूड जाळाला, असा जुन्या जाणत्या बायकांचा संकेत शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे.

ओलावा ओळखण्यासाठी उपकरणाची आवश्यकता नाही. सुक्या लाकडाच्या टोकांना मध्यापासून कडेकडे चिरा पडलेल्या असतात, साल सहज सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद येतो. शंका असल्यास एक तुकडा फोडून आतील भाग गालाला लावून पाहावा. बाहेरून सुके दिसणारे लाकूड आतून थंड व ओलसर लागते.

भिवंडी परिसरात गोदामे मोठ्या संख्येने असल्याने मालाच्या खोक्यांच्या व पॅलेटच्या फळ्यांचाही येथे विचार करावा लागतो. या फळ्या सुक्या असतात, त्यामुळे त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या पॅलेटवर प्रक्रियेचा शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेने कीडमुक्त केलेले लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेले लाकूड. दुसऱ्या प्रकारचे लाकूड, तसेच प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या आणि कृत्रिम धाग्याच्या चिंध्या चुलीत घालू नयेत. त्यांतील डिंक, रंग व रसायने यांचा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा अधिक घातक असतो.

खरेदीला कायद्याचीही बाजू आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनोपजाच्या वाहतुकीवर नियंत्रण आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, खैर, ऐन यांसारखी अनुसूचित झाडे खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दुसऱ्या बाजूस, वनहक्क अधिनियम, २००६ ने वनवासी समाजांचे निस्तार हक्क मान्य केले असून गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व बुंधे यांचा समावेश केला आहे. वाळल्या काटक्यांची मोळी डोक्यावरून आणणारी वारली किंवा कातकरी स्त्री आणि चोरट्या तोडीचा ट्रक यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

४. साठवण :

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे धान्य, मीठ-मसाला, सुकी मासळी यांच्याबरोबर सरपणाचीही आगोटीची बेगमी करण्याची रीत आगरी, कोळी व कुणबी घरांत रूढ झाली. माघ-फाल्गुनात आणलेले लाकूड फोडून ठेवल्यास मृगापूर्वी ते सुकते. ओंडका अखंड ठेवल्यास साल पाणी धरून ठेवते. म्हणून आधी फोडणे व मग सुकवणे हा क्रम महत्त्वाचा आहे.

रचताना पुढील गोष्टी पाळाव्यात. रास थेट जमिनीवर न करता दगडांवर किंवा बांबूंवर करावी. त्यामुळे ओल व वाळवी लागत नाही. थरांमध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवावी. वरची बाजू झाकावी, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. संपूर्ण रास प्लास्टिकने गुंडाळल्यास आतील वाफ कोंडून लाकूड कुजते. रास घराच्या भिंतीपासून हातभर दूर असावी आणि लाकूड काढताना आधी काठीने हलवावे. पावसाळ्यात विंचू व साप अशा कोरड्या जागेच्या आश्रयाला येतात.

सुकलेले लाकूडही हवेतील दमटपणानुसार पाणी शोषते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकूड सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. पावसाळ्यात ती ९० टक्क्यांवर गेली की लाकडातील पाणी सुमारे २० टक्के होते. म्हणून पडवीतील राशीतून दोन-तीन दिवसांचे सरपण आधीच आत आणून चुलीजवळ, परंतु ठिणगी पोहोचणार नाही अशा अंतरावर ठेवणे हितावह असते.

येथेच आर्थिक विषमतेचा प्रश्न उभा राहतो. बेगमी करण्यासाठी उन्हाळ्यात एकरकमी पैसा लागतो आणि रास रचण्यासाठी पडवी किंवा अंगण लागते. चाळीतील एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगार कुटुंबाकडे दोन्ही नसतात. लाकूड जाळण्याची वेळ अशा कुटुंबावर आलीच, तर ते भर पावसात आठवड्यापुरते आणि तेही ओले मिळते. ज्याच्याकडे कमी, त्यालाच त्याच उष्णतेसाठी अधिक पैसे मोजावे लागतात आणि धूरही अधिक सोसावा लागतो.

५. ज्वलन :

लाकूड तीन टप्प्यांत जळते. प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघते. त्यानंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि पुरेशी उष्णता व हवा मिळाल्यास ते ज्योतीने जळतात. शेवटी कोळसा निखाऱ्याच्या रूपात जळतो. ओले लाकूड पहिल्याच टप्प्यात चूल थंड करते. वायू न जळताच बाहेर जातात. हाच धूर. म्हणजे धूर हे न जळालेले इंधन आहे : जे डोळ्यांत जाते, ते भांड्याखाली जळायला हवे होते.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. लाकूड अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीचे फोडावे. चूल लाकडांनी ठासून न भरता थोडे थोडे पुढे सारावे. राख नियमित काढावी व शक्य तेथे खाली जाळी बसवून हवेला वाट द्यावी. भांड्यावर झाकण ठेवावे. पुण्याच्या आरती या संस्थेने प्रसारित केलेल्या ‘लक्ष्मी’सारख्या धुराड्याच्या सुधारित चुली याच तत्त्वांवर आधारलेल्या आहेत. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. बसवलेल्या चुलीची देखभाल व धुराड्याची साफसफाई न झाल्यास सुधारित चूलही लवकरच जुन्या चुलीसारखी धूर करू लागते, हा त्या काळातील अनुभव होता.

६. धूर व आरोग्य :

चुलीच्या धुराचा शास्त्रीय अभ्यास भारतात नवा नाही. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वसनातील धूलिकण मोजून त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या संशोधनात लहान मुलांतील न्यूमोनिया, स्त्रियांतील दीर्घकालीन श्वसनविकार व मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध दिसून आला. घरगुती इंधनाच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

निखाऱ्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक समजला जातो; परंतु धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू बाहेर पडतो. बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे हे आई आणि नवजात बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शेक द्यायचाच असल्यास गरम कापडाने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) सरपणाचा खरा भाव वजनावरून नव्हे, तर त्यातील कोरड्या लाकडावरून ठरतो. ओले लाकूड विकत घेणारा पाण्याचे पैसे मोजतो आणि ते पाणी जाळण्यासाठी पुन्हा लाकूड खर्च करतो.

२) उन्हाळ्यात फोडून, सुकवून आणि जमिनीपासून उंच रचून केलेली साठवण हा खर्च, धूर आणि झाडांची तोड या तिन्ही गोष्टी कमी करणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

३) हा उपाय जागा व एकरकमी पैसा नसलेल्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांच्यासाठी पावसाळ्यातील चार महिने गॅसचा पुरवठा परवडणे ही आरोग्याची गरज मानली पाहिजे. गावपातळीवर स्वयंसाहाय्यता गटांमार्फत सुक्या सरपणाचा सामायिक, छपराखालील साठा करणे हाही विचारार्ह पर्याय आहे.

४) सुधारित चूल किंवा धुराडे धूर कमी करते, पण ओल्या लाकडाची भरपाई करू शकत नाही. स्वच्छ इंधन हे अंतिम उद्दिष्ट आहे. तेथवर पोहोचेपर्यंत, चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या हाती निदान सुके लाकूड असावे, एवढी तजवीज प्रत्येक घराला व गावाला मृगाच्या आधी करता येण्याजोगी आहे.