आईचा क्रोशा आणि आमची वही

विद्या ग्रंथातली असो वा हातातली, देणारा समोर आहे तोवरच ती घ्यावी, असे आम्ही शाळेत मुलांना नेहमी सांगतो. परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात, त्याचा प्रत्यय गेल्या पावसाळ्यात आम्हांस आमच्याच घरी आला.

आमच्या मातोश्री ८१ वर्षांच्या आहेत. इंदूरच्या आमच्या घरात असे एकही दालन नसेल, की जेथे त्यांच्या क्रोशाच्या सुईचा ठसा नाही. दारावर राजहंसांचे तोरण, चौरंगावर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी ओवलेली जाळी! आप्तांच्या कितीतरी मुलींच्या रुखवतात त्यांचे विणकाम मांडले गेले. आमच्या कन्येसाठी त्यांनी मेजावरचे मोठे आच्छादन आरंभिले होते. छत्तीस फुले विणून ती एकमेकांस जोडावयाची, असा तो बेत. बावीस फुले झाली आणि टाके चुकू लागले. डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उरली तेवढी जपावयाची.

तेव्हा आम्हांस जाग आली. दोनशे पानी वही आणून आम्ही आईच्या पुढ्यात बसलो. ‘क्रोशा’ हा शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा अर्थ लहानसा आकडा, अशी प्रस्तावना लिहिली. पुढे ‘शृंखला’, ‘स्तंभ’ असे शब्द योजले. ते वाचून दाखविताच आई म्हणाली, “अरे, हेडमास्तर तू शाळेत. इथे साखळी म्हणायचं नि खांब म्हणायचं. आणि बुटका असतो तो मुका खांब.” एम. ए.च्या दोन वर्षांत असा नेमका शब्द आमच्या कानी आला नव्हता!

वही पूर्ण झाली. कन्येने ती समोर ठेवून फूल विणावयास घेतले. ते सपाट होईना, कडा वर उचलून त्याची वाटी होऊ लागली. “बाबा, हे सीधं का नाही होऊन राहिलं?” तिने विचारले. तिचे लक्ष नाही, असे आम्ही फटकन बोलून गेलो. ती सुई ठेवून उठून गेली.

आईने ती वाटी बोटांनी चाचपली. “हिची वाढ कुठे आहे?” तिने आम्हांलाच विचारले. सहा साखळ्यांच्या गोलात बारा खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसरीत एकाआड एक खांबावर दोन, म्हणजे छत्तीस. दर फेरीस बारांची वाढ हवी. वाढ न दिल्यास वाटी होते, अधिक दिल्यास झालर पडते. तिसऱ्या फेरीची वाढ आमच्या वहीत नव्हतीच. आईने ती सांगितली नव्हती, कारण तिच्या हातांना ती सांगावी लागत नव्हती. आम्ही विचारली नव्हती, कारण सुई कधी हाती धरली नव्हती. चूक वहीची, आणि बोलणी मात्र मुलीला! त्या रात्री आम्ही तिची क्षमा मागितली. मुख्याध्यापकाला हे जड जाते, तरी मागितली.

पुढच्या रविवारी सर्वजण पाताळपाणीला गेलो. महूपलीकडचा हा सुमारे तीनशे फुटांचा धबधबा मालव्यातील कुटुंबांच्या सहलीचे जुने ठिकाण आहे. येथून जाणाऱ्या लोहमार्गासाठी १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. येथे जाणाऱ्यांनी पात्रात मात्र उतरू नये. जुलै २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीस आलेली माणसे वाहून गेली होती. आम्ही दूरच्या झाडाखाली सतरंजी अंथरली.

बेत दालबाफल्यांचा होता. जाडसर कणकेत थोडे मक्याचे पीठ, ओवा, मीठ व तुपाचे मोहन घालावयाचे. मोहन पुरेसे झाले की नाही, हे आईने डोळे मिटून सांगितले होते: “मुठीत दाबल्यावर मुटका टिकला पाहिजे.” गोळे पाण्यात उकडावयाचे, वर तरंगले की काढून सुकवावयाचे. एवढे घरी झाले होते. तेथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ते भाजून आमच्या सौभाग्यवतींनी तुपात बुडविले आणि सहज म्हणाल्या, “आईंचा क्रोशा वहीत उतरवलात. पंचवीस वर्षं माझी पुरणपोळी खाताय, ती कधी लिहून घ्यावीशी वाटली?”

आम्ही निरुत्तर झालो. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशा-लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस या विदुषींनी १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांचे विणकाम दूरदेशीच्या बाजारात जाई, तरी त्यांना कामकरी न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी समजत व मजुरी अत्यल्प देत, असे त्यांनी दाखविले. त्यावर आम्ही हळहळलो होतो. परंतु घरच्या विद्येस ‘फावल्या वेळचा उद्योग’ समजणारे आपणही त्यांतलेच, हे त्या झाडाखाली उमगले.

आईला धबधबा धूसर दिसत होता. ती ऐकत होती. शेजारी बसून कन्या विणत होती. “आजी, आता चोवीस झाले.” “मोज परत. आणि दोरा आवळू नकोस, हात मोकळा ठेव.” एरवी आमच्याशी निम्मे हिंदीत बोलणारी ही मुलगी खांब, साखळी, फेरी असे शब्द आजीकडून उचलीत होती. शुद्धलेखनाच्या वह्या पुढे ठेवून आम्हांस जे साधले नव्हते, ते येथे न सांगता घडत होते.

चौदा फुलांपैकी नऊ आता झाली आहेत. आजीचे टाके घट्ट, नातीचे सैल. फरक डोळ्यांना दिसतो आणि आईच्या बोटांनाही कळतो. उसवून पुन्हा विणू का, असे कन्येने विचारले तेव्हा आई म्हणाली, “राहू दे. कुठपर्यंत माझं नि कुठून तुझं, ते कळायला नको का?”

वहीच्या उरलेल्या पानांवर पुरणपोळी चढू लागली आहे. परंतु या खेपेस आम्ही आधी परात पुढे ओढली, कणीक भिजविली आणि मगच लेखणी उचलली. पहिली पोळी फाटली. ती कशाने फाटली, हेही लिहून ठेविले आहे. वाचकांनीही आपल्या घरी अशी एक वही घालावी. मात्र हात आधी पिठात अथवा दोऱ्यात घालावा, एवढीच विनंती.