भेगाळलेली लाल बिस्किटे



नानखटाईच्या माथ्यावरची भेग पाहून पत्रा भट्टीबाहेर काढावा की नाही, हे जाणत्या बाया ठरवीत असत. घरचा मैदा, घरचे तूप आणि घरची साखर डब्यात भरून बेकरीत न्यावयाची, तेथे ती भाजून घ्यावयाची आणि भट्टीवाल्याला मजुरी देऊन डबा घरी आणावयाचा, ही चाल आपल्याकडे पुष्कळांच्या आठवणीत आहे. या नानखटाईची एक दूरची बहीण अलीकडे निंबर्ग्यासारख्या गावांतील मुलामुलींनाही ठाऊक झाली आहे. तिचे नाव 'रेड वेल्व्हेट क्रिंकल कुकी'. नाव लांबलचक असले तरी अर्थ साधा आहे. रेड म्हणजे लाल, वेल्व्हेट म्हणजे मखमल आणि क्रिंकल म्हणजे सुरकुती. वरून पिठीसाखरेने पांढरे, भेगांतून आतला लाल रंग दाखविणारे आणि खाताना मऊ लागणारे असे हे बिस्कीट होय. फिलिपाइन्स देशात याच जातीची चॉकलेटची बिस्किटे नाताळात घरोघरी होतात. आपल्याकडेही नाताळच्या ताटात करंजी आणि नानखटाईशेजारी त्यांना जागा मिळू लागली आहे.

आज या पदार्थाविषयी बोलावयाचे कारण मात्र त्याच्या गोडीपेक्षा त्याचा रंग हे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाच्या अन्नसुरक्षा खात्याने केकच्या २३५ नमुन्यांच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर केला. त्यांपैकी २२३ नमुने निर्धोक होते. परंतु १२ नमुन्यांत कृत्रिम रंग आक्षेपार्ह रीतीने वापरल्याचे आढळले, आणि त्या संदर्भात रेड वेल्व्हेट व ब्लॅक फॉरेस्ट या केकांचा नावानिशी उल्लेख झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याने रंगीत 'म्हातारीचे केस' आणि रंग घातलेले गोबी मंचुरियन यांवर बंदी घातली होती. गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ आणि म्हातारीच्या केसांच्या २५ नमुन्यांपैकी १५ असुरक्षित ठरले होते. त्या गुलाबी केसांत सापडलेला ऱ्होडामिन-बी हा तर कापड रंगविण्याचा रंग. खाद्यपदार्थांत त्याला मुळीच परवानगी नाही. जत्रेहून परतलेल्या मुलाची जीभ दुसऱ्या दिवशी वर्गातही गुलाबी दिसावी, हे आम्हा शिक्षकांना नवे नाही. तेव्हा घरी लाल बिस्किटे करावयाची तर त्यांचा लाल रंग आणावा कोठून, हा प्रश्न सोडविणे अगत्याचे आहे.

प्रथम या लालीचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्या केकांचा पोत मऊ असे त्यांना 'मखमली केक' म्हणत. कोकोच्या नैसर्गिक भुकटीत काही वनस्पतिज रंगद्रव्ये असतात. ताक किंवा व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थाशी गाठ पडली की ती किंचित तांबूस होतात. ही तांबूस छटा लाकडाच्या रंगाची. तिला लालभडक कोणी म्हणणार नाही. पुढे टेक्सासमधील अ‍ॅडम्स नावाच्या कंपनीने खाण्याच्या रंगाची बाटली खपावी म्हणून तिच्यासोबत लाल केकची कृती प्रसृत केली, आणि मूळच्या फिकट तांबूस छटेची जागा बाटलीतील लालीने घेतली. याचा अर्थ असा की, डोळ्यांत भरणारा लाल रंग हा या पदार्थाचा मूळ स्वभाव नव्हे. तो गडद नसला तर काही चुकले, असे मानण्याचे कारण नाही.

बाजारातील सगळेच कृत्रिम रंग बेकायदेशीर आहेत, असेही मात्र समजू नये. काही ठरावीक रंगांना ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत कायद्याची परवानगी असते. अडचण अशी की, घरात रंग चिमटीने किंवा थेंबाने पडतो, आणि किलोमागे मिलिग्रॅमांत मोजावयाची मर्यादा चिमटीला कळत नाही. म्हणून वेष्टन वाचण्याची सवय लावून घ्यावी. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो, १२२ म्हणजे कार्मोइसिन, १२४ म्हणजे पाँसो ४-आर आणि १२९ म्हणजे अल्युरा रेड. १२० हा आकडा कॉचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या रंगाचा आहे. शाकाहारी कुटुंबांनी तो ध्यानात ठेवावा. १६२ हा बीटाचा रंग होय. ज्या पुडीवर नाव नाही, आकडा नाही आणि परवाना-क्रमांकही नाही, ती पुडी स्वयंपाकघरात येऊच देऊ नये.

आपल्या भागाला सोयीचा रंग बीटाचाच. उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सांडगे घालणाऱ्या घराला बीट वाळविणे अवघड नाही. बीट धुऊन, सोलून त्याच्या पातळ चकत्या कराव्यात आणि स्वच्छ कापडावर सावलीत, वाऱ्याला वाळवाव्यात. उन्हात ठेवू नयेत, कारण बीटाचे रंगद्रव्य उजेडाने आणि उष्णतेने विटते. चकत्या मोडताना कट्‌कन आवाज आला की मिक्सरमधून दळून, चाळून ती भुकटी घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवावी.

आता साहित्य. मैदा १९० ग्रॅम, नैसर्गिक कोको एक मोठा चमचा, बीटाची भुकटी दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, साखर १५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी ८५ ग्रॅम किंवा थिजलेले तूप ७० ग्रॅम, दोन अंडी, लिंबाचा रस दोन छोटे चमचे आणि थोडा व्हॅनिला अर्क. एवढ्यात वीस-बावीस बिस्किटे होतात. कोकोच्या डब्यावर ५०० किंवा ५०१ हे आकडे असल्यास त्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झालेली असते. तो अधिक काळपट असतो आणि लाली झाकून टाकतो, म्हणून येथे नको.

बीटाची भुकटी आधी लिंबाच्या रसात कालवावी. बीटाचा रंग आंबटपणात टिकतो आणि अल्कलीत पिवळट-तपकिरी होतो. याच कारणाने या कृतीत खाण्याचा सोडा घालावयाचा नाही. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर त्याला निष्प्रभ करणारे आम्लही असते, म्हणून ती चालते. लोणी आणि साखर फेसून त्यात एकेक अंडे, मग बीट आणि अर्क घालावा; शेवटी मैदा, कोको, पावडर आणि मीठ एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळावे. फार मळल्यास मैद्याला चिवटपणा येतो. अंडी चालत नसतील तर त्यांच्या ऐवजी अर्धी वाटी घट्ट दही घ्यावे. भेगा थोड्या कमी पडतील, पण दह्याच्या आंबटपणाने रंगाला मदतच होईल. हा गोळा चिकट असतो. तो झाकून निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही पायरी वगळली तर लोणी वितळून बिस्किटे पत्र्यावर पसरतात.

गार गोळ्याचे लहान लिंबाएवढे गोळे करून ते प्रथम दाणेदार साखरेत आणि मग पिठीसाखरेत भरपूर घोळवावेत. घोळवून झाल्यावर ते झटकू नयेत की दाबू नयेत. दोन साखरा कशाला, असे कोणी विचारील. बाहेरची साखर गोळ्याच्या पृष्ठभागातील ओल शोषून घेते, त्यामुळे पृष्ठभाग लवकर सुकून कडक होतो. आत मात्र पीठ अजून मऊ असते. उष्णतेने लोणी वितळते, बेकिंग पावडरीतून वायू सुटतो, आणि आतले पीठ फुगून पसरू लागते. सुकलेली साल त्याबरोबर ताणली जात नाही, ती फाटते. पाऊस ओसरल्यावर आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात त्या जमीन आक्रसल्यामुळे. येथे आतला भाग वाढल्यामुळे पडतात, एवढाच फरक. दाणेदार साखरेचा थर खाली असला म्हणजे वरची पिठीसाखर ओल पिऊन विरघळत नाही आणि पांढरी राहते. पिठीसाखर घरी दळताना वाटीमागे एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालावे. त्याचाही उपयोग हाच.

भट्टी आधीच १७५ अंशांवर तापलेली असावी. कोमट भट्टीत पीठ हळूहळू पसरते आणि भेगा उमटत नाहीत. दहा ते बारा मिनिटे पुरेत. कडा बसलेल्या आणि मध्य अजून मऊ असतानाच पत्रा बाहेर काढावा. बिस्किटे निवताना घट्ट होतात. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि एका वेळी चार-पाच बिस्किटांची ताटली आत ठेवावी. पंधरा ते अठरा मिनिटे लागतील. यासाठी कुकर वापरल्यास त्याची शिट्टी आणि रबर काढून ठेवावे, आणि आत पाणी घालू नये.

बिस्किटे बाहेर आली म्हणजे भेगांतून दिसणारा रंग विटेच्या किंवा पिकलेल्या जांभळाच्या जवळचा असेल, कुंकवासारखा नसेल. मुले प्रथम नाक मुरडतील, कारण जाहिरातीतील चित्र निराळे असते. अशा वेळी त्यांच्यापुढे बीटाच्या भुकटीचे तीन लहान पेले ठेवावेत. एकात साधे पाणी, दुसऱ्यात लिंबाचे आणि तिसऱ्यात सोड्याचे. तिसऱ्या पेल्यातला रंग हळूहळू बिघडताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि फिकट रंग हा खऱ्या रंगाचा धर्म आहे हे निराळे सांगावे लागणार नाही.

आज अनेक भगिनी घरी बिस्किटे करून चार पैसे मिळवितात. त्यांनी अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी आणि डब्यावर 'बीटाचा रंग' असे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक अधिक लाल माल मागेल, तेव्हा मोह होईल. त्या वेळी एवढाच विचार करावा, की हा डबा कोणाच्या तरी घरी उघडला जाईल, आणि त्यातले पहिले बिस्कीट उचलणारा हात बहुधा लहान मुलाचा असेल.