641 चा भागाकार

429 कोटी 49 लाख 67 हजार 297. दोनाचा 32 वा घात, अधिक एक. ही संख्या मी चौकटींच्या वहीत लिहिली, एका घरात एक अंक. लांब भागाकारात अंक एक घर सरकला की पुढचं सगळं वाया जातं.

घात दर वेळी दुप्पट होणाऱ्या याच साच्यातल्या आधीच्या पाच संख्या 3, 5, 17, 257 आणि 65537. पाचही मूळ. फ्रान्सच्या फर्माला 1640 मध्ये वाटत होतं की हीसुद्धा मूळच असणार. 1732 मध्ये ऑयलरने तिचा 641 हा अवयव दाखवला.

तो मला हाताने गाठायचा होता. 2, 3, 5, 7 असं ओळीने भागत गेलं, तर 641 ही 116 वी मूळ संख्या येते. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की कुणाकुणाने भागायचंच नाही. समजा, एखाद्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. मग 1 ची दुप्पट, तिची दुप्पट करत जायचं आणि दर वेळी त्या भाजकाने भागून बाकी लिहायची. 32 व्या दुपटीला बाकी भाजकाहून एकने कमी येते, 64 व्या दुपटीला पहिल्यांदा 1 येते आणि तिथून तेच चक्र पुन्हा सुरू होतं. फर्माचं प्रमेय सांगतं, की भाजक वजा एक इतक्या दुपटींनंतर बाकी 1 च हवी. म्हणजे भाजकातून एक काढला की उरलेल्याला 64 ने भाग गेलाच पाहिजे. फर्माचा अंदाज पाडणारं हत्यार फर्माच्याच हाती होतं. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.

आता 65, 129, 193 असे 64-64 ने पुढे जायचं आणि मूळ नसलेल्या खोडायच्या. उरतात 193, 257, 449, 577, 641. पाचवाच भागाकार! त्यातही 257 साठी पेन्सिल उचलावी लागत नाही. दोनाचा आठवा घात 256, त्यामुळे बाकी 2 येणार हे तोंडीच कळतं.

641 चा पाढा समासात मांडून घेतला. 4294 मध्ये सहा वेळा, उरले 448. वरचा 9 उतरवला, 4489. सात वेळा, उरले फक्त 2. मग 26 आणि 267, दोन्हींना भाग लागत नाही. इथे दोन्ही शून्यं मांडायलाच हवीत. 2672 मध्ये चार, उरले 108. 1089 मध्ये एक, आणि उरले पुन्हा तेच 448! शेवटचा 7 उतरवला, 4487. बरोबर सात वेळा, बाकी शून्य. भागाकार 6700417.

पण हा तरी मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ 2588 आणि थोडं वर. 1878 मध्ये लुकाने नियम आणखी आवळला, 64 च्या जागी 128. त्यामुळे 2588 पर्यंत 257, 641, 769, 1153 आणि 1409 एवढ्याच मूळ संख्या उरतात. 257 मघाशीच बाद झाली. बाकीच्या चारांनी भागलं: बाकी 44, 120, 334, 622. 6700417 मूळ आहे.