फोटो उघडला नाही तरी ऑर्डर यायला हवी

ताईंनो, दिवाळीच्या ऑर्डरसाठी आता बरेच गट दुकानदारांना, ऑफिसांना ईमेल करतात. करतात म्हणजे काय, तर छान रंगीत पोस्टर बनवून घ्यायचं, तेच मेलमध्ये टाकायचं आणि सेंड! भाव, वजन, फोन नंबर सगळं त्या चित्रातच. खाली एक ओळसुद्धा नाही.

आता समोर काय होतं बघा. मेलच्या आत इंटरनेटवरून ओढून आणलेलं चित्र असेल, तर आउटलुक ते सुरक्षेसाठी आपोआप दाखवत नाही. रेंज कमी असेल तर चित्र नुसतं फिरत राहतं. घेणाऱ्याला दिसते फक्त रिकामी चौकट. तो काही आपल्याला फोन करून विचारत बसत नाही, पुढचा मेल उघडतो.

आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्या फोनवरचा मजकूर ऐकतात. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे, ती अक्षरं मोठ्याने वाचते. पण चित्रात काय आहे ते आपण लिहिलं नसेल, तर ती 'चित्र' एवढंच सांगून पुढे जाऊ शकते.

यावर उपाय म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, चित्राच्या बदली वाचायचा मजकूर. वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की हा पर्याय येतो. तिथे 'पोस्टर १' लिहून उपयोग नाही. समजा पापडाचा फोटो आहे, तर लिहा: 'नाचणीचे पापड, २०० ग्रॅमचं पाकीट, ८० रुपये.' 'हा फोटो आहे' असं लिहायची गरज नाही, चित्र आहे हे टॉकबॅक सांगतंच. नुसती फुलांची किनार असेल तर काही लिहू नका, ऐकणाऱ्याला उगाच त्रास. लिहायचं ते देवनागरीत; इंग्रजी अक्षरांतल्या मराठीचे उच्चार ऐकवत नाहीत!

तरी माझं मत विचाराल तर भाव, फोन नंबर आणि शेवटची तारीख मेलमध्येही टाइप कराच. ऑल्ट टेक्स्ट असलं तरी.

व्हॉट्सॲपवर ग्रामसंघाच्या बैठकीची सूचना फोटो काढून टाकता ना? खाली दिवस, वेळ, जागा लिहा. गटातल्या एखाद्या ताईला दिसत नसेल, तर बैठक चुकते ती तिची.

पाठवण्याआधी मजकूर घरात कुणाला तरी वाचून दाखवा, चित्र न दाखवता. तेवढ्यावर त्यांना ऑर्डर देता आली तर मेल तयार.